घरच्या वेलीचा भोपळा: कुकरची शिट्टी आणि पुढच्या सहा महिन्यांची बेगमी

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाशी किंवा गच्चीतल्या ड्रममध्ये सहज म्हणून दोन बिया टोचल्या. वेल कधी पसरला, कधी फुलला, लक्षातही आलं नाही आणि आता दिवाळीच्या आसपास पानांआड चार-पाच किलोंचे तीन भोपळे दिसताहेत. घरात माणसं मात्र चारच, त्यातलं एक भोपळ्याचं नाव काढलं की नाक मुरडणारं. हे चित्र तुमच्या घरचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

लाल भोपळा म्हणा, तांबडा भोपळा म्हणा, डांगर म्हणा, काशीफळ म्हणा किंवा गंगाफळ म्हणा, फळ एकच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींना तर याच्या नावांची गंमत चांगलीच ठाऊक असेल. दिल्लीत भाजीवाल्याकडे सीताफळ मागितलं, तर तो भोपळ्याची फोड कापून हातात ठेवतो. कोलकात्यात तोच मिष्टी कुमडो, केरळात मत्तंगा, तामिळनाडूत परंगिक्काय. आपल्याला हा भोपळा अगदी घरचा वाटतो, पण त्याचं मूळ अमेरिका खंडात आहे. तिकडची पिकं समुद्रमार्गे जगभर पसरली, त्यांच्याबरोबर हाही आला आणि आपल्या उपासाच्या ताटातसुद्धा जाऊन बसला.

पाच किलोंच्या भोपळ्यातून साल, बिया आणि आतला गर काढल्यावर साधारण साडेतीन किलो फोडी मिळतात. चार माणसांच्या घरात एका वेळच्या भाजीला अर्धा किलो पुरतो. म्हणजे एकाच फळात सात वेळच्या भाज्या! म्हणूनच भोपळ्याला विळी लावण्याआधी थोडं नियोजन करायला हवं.

भोपळा कधी काढायचा?

लागवडीनंतर साधारण साडेतीन ते चार महिन्यांत फळ तयार होतं. ते पिकलंय की नाही, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली, देठ हिरवा न राहता सुकून बुचासारखा कडक होतो. दुसरी, सालीवर नख रुतत नाही. तिसरी, सालीची चकाकी जाऊन ती मंद दिसू लागते आणि रंग पक्का होतो.

फळ ओढून तोडू नका. कात्रीने किंवा धारदार सुरीने कापा आणि दोन-तीन इंच देठ फळालाच राहू द्या. देठ मुळापासून तुटला की त्या जागेतून बुरशी आत शिरते आणि भोपळा आतून सडू लागतो. त्याच कारणासाठी भोपळा देठाला धरून उचलायचाही नाही.

काढलेलं फळ धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. मग आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवा. यात साल आणखी टणक होते आणि बारीकसारीक ओरखडे भरून येतात. त्यानंतर भोपळा घराच्या कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवा. थेट फरशीवर नको, खाली गवत, पोतं किंवा लाकडी फळी हवी. एकावर एक रचू नका. पूर्वी माळ्यावर किंवा शिंक्यात भोपळे ठेवत, त्यामागे हेच शहाणपण होतं. चारही बाजूंनी हवा लागली पाहिजे. कोरड्या हवेच्या गावात असा भोपळा तीन-चार महिने सहज टिकतो. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेत मात्र महिना-दीड महिन्याचाच हिशोब धरा. आठवड्यातून एकदा फळ उलटसुलट करून बघा. मऊ डाग दिसला की ते फळ आधी वापरायला घ्या.

म्हणजे भोपळा टिकवायची सर्वात सोपी पद्धत कोणती? तो न कापणं!

आधी चव, मग फोडणी

घरच्या वेलीच्या बाबतीत एक काळजी घ्यायलाच हवी. भोपळा कापल्यावर कच्च्या फोडीचा अगदी लहान तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर लगेच थुंका आणि पूर्ण फळ फेकून द्या. या कुळातल्या फळभाज्यांमध्ये कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. बाजारातल्या जातींमध्ये ती नगण्य असतात. पण शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याचे पराग लागलेल्या फळाचं बी आपण पेरलं, तर पुढच्या पिढीतलं फळ कडू निघू शकतं. असं फळ खाल्लं तर उलट्या, जुलाब, पोटात तीव्र कळा असा त्रास होतो. शिजवल्याने ही द्रव्यं जात नाहीत, गूळ घातला तरी ती तिथेच राहतात. कडू दुधीचा रस पिऊ नका असा सल्ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिला होता, त्यामागचं कारणही हेच. तेव्हा ‘टाकायचं कसं, घरचं आहे’ असा विचार इथे करू नका.

बी घरचं नको असेल, तर चांगल्या जाती मिळतात. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का चंदन’ ही जात दोन-तीन किलोंची फळं देते, तर ‘अर्का सूर्यमुखी’ची फळं त्याहून लहान असतात. छोट्या कुटुंबाला आणि पाच लिटरच्या कुकरला अशी लहान फळंच सोयीची.

कुकरमध्ये नेमकं काय होतं?

बंद भांड्यात वाफ कोंडून अन्न शिजवायची कल्पना फार जुनी आहे. फ्रेंच संशोधक दनी पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला असं भांडं दाखवलं होतं. हॉकिन्स कंपनीची भारतात १९५९ साली सुरुवात झाली. पुढच्या काळात शिट्टी हे आपल्या स्वयंपाकघराचं घड्याळच होऊन गेलं.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि कितीही मोठी आच दिली तरी त्याहून तापत नाही. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणूनच कडक सालीचा भोपळाही काही मिनिटांत लोण्यासारखा मऊ होतो.

पण भोपळ्यात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं. डाळीसारखं भरपूर पाणी घालून शिजवला तर भाजी नाही, पेज होते. म्हणून या तीन पद्धती लक्षात ठेवा.

भाजीसाठी: एक-सव्वा इंचाच्या फोडी, साल ठेवून. अर्धी वाटी पाणी. मोठ्या आचेवर एक शिट्टी, गॅस बंद. दोन मिनिटांनी चिमट्याने शिट्टी हळूच उचलून उरलेली वाफ काढा. हात आणि चेहरा वाफेपासून लांब ठेवा. वाफ आपोआप जाईपर्यंत थांबलात तर फोडी आत शिजतच राहतात आणि लगदा होतो.

भरीत, घारगे आणि प्युरीसाठी: कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी, वर जाळी, त्यावर डबा. डब्यात मोठ्या फोडी घाला, पाण्याचा थेंबही नको. तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्या. डब्यात सुटलेलं पाणी वेगळं काढून ते वरणात किंवा कणीक भिजवायला वापरा. गर असा घट्ट मिळतो की घारग्यांना जास्तीची कणीक लागत नाही.

कापायला जड जाणाऱ्या भोपळ्यासाठी: साल फारच टणक असेल तर हाताशी झटापट करू नका. भोपळ्याच्या खाली ओला टॉवेल ठेवा म्हणजे तो घरंगळणार नाही. मोठे चार-सहा तुकडे करा, बिया काढा आणि सालीसकट जाळीवर ठेवून एक शिट्टी करा. थंड झाल्यावर साल हातानेही निघते. अख्खा, न कापलेला भोपळा मात्र कुकरमध्ये कधीच घालू नका. आत वाफ कोंडून तो फुटू शकतो.

कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये हे तुम्हाला माहीत असेलच. रस्सा किंवा सूप थेट कुकरमध्ये करत असाल, तर अर्ध्यापर्यंतच भरा. घट्ट गर उसळून वाफेच्या नळीत अडकला तर ते धोक्याचं असतं.

चार घरांच्या चार चवी

मेथीदाण्याची भाजी: दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, अर्धा चमचा मेथीदाणे आणि दोन सुक्या मिरच्या. मेथीदाणे लालसर झाले की हळद, तिखट, अर्धा किलो फोडी, मीठ, अर्धी वाटी पाणी. एक शिट्टी. झाकण उघडल्यावर चमचाभर गूळ आणि भाजलेलं सुकं खोबरं. मेथीचा कडवटपणा आणि भोपळ्याचा गोडवा यांची जोडी जमली की नाक मुरडणारेही दुसरी पोळी मागतात.

दह्यातलं भरीत: दोन वाट्या शिजवलेला गर, वाटीभर गोडसर दही, दोन चमचे दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर. वरून तूप, जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. अनेक घरांत हे भरीत उपासालाही चालतं. गर पूर्ण गार झाल्यावरच दही घाला, नाहीतर पाणी सुटतं.

घारगे: वाटीभर घट्ट गर आणि पाऊण वाटी गूळ एकत्र गरम करून गूळ विरघळवून घ्या. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची पूड, दोन चमचे गरम तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घाला. पाणी अजिबात नको. अर्धा तास झाकून ठेवा, मग जाडसर पुऱ्या थापून मध्यम आचेवर तळा. प्रवासाला निघताना डब्यात घारगे असले की बाहेरचं काही लागत नाही.

केरळची एरिशेरी: शेजारी मल्याळी कुटुंब असेल तर ही चव तुमच्या ओळखीची असेल. अर्धी वाटी चवळी चार-पाच तास भिजवून तीन शिट्ट्यांत शिजवा. त्यात पाव किलो भोपळ्याच्या फोडी, हळद, मीठ घालून आणखी एक शिट्टी. ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची वाटून घाला आणि उकळी आणा. वरून खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता आणि लालसर परतलेल्या खोबऱ्याची फोडणी. गरम भातावर वाढा.

यातली प्रत्येक पाककृती थोडं तेल, तूप किंवा खोबरं वापरते, आणि ते बरंच आहे. भोपळ्याचा केशरी रंग ज्या बीटा-कॅरोटिनमुळे येतो, त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. हे द्रव्य सोबत थोडा स्निग्ध पदार्थ असेल तरच नीट शोषलं जातं.

बरणीत भरलेली प्युरी: इथे थांबा

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. मोबाइलवर असे अनेक व्हिडिओ दिसतात, ज्यात भोपळ्याची गरम प्युरी काचेच्या बरणीत भरतात, झाकण घट्ट लावतात, कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या करतात आणि सांगतात, ‘झालं! आता वर्षभर फ्रीजशिवाय टिकेल.’ दिसायला सुंदर, पण कृपा करून हे करू नका.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू असतात. त्यांचे बीजाणू १०० अंशांवर उकळूनही मरत नाहीत. हवा नसलेली, ओलसर आणि कमी आंबट जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. घट्ट झाकणाची भोपळ्याची बरणी म्हणजे त्यांच्यासाठी आयतं घरच. त्या बरणीला वास येईलच असं नाही, रंग बदलेलच असंही नाही. विष पोटात गेल्यावर मात्र डोळ्यांना एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास होणं अशी लक्षणं दिसतात आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. असं काही जाणवलं तर तासभरही न थांबता हॉस्पिटल गाठायला हवं.

तुम्ही म्हणाल, ‘मग आपलं लोणचं वर्षभर कसं टिकतं?’ कारण लिंबू आणि कैरी आंबट असतात आणि त्यात मीठही भरपूर असतं. तशा आंबट जागी हे जिवाणू वाढू शकत नाहीत. भोपळ्यात तो आंबटपणा नाही.

‘पण कुकर तर १२० अंशांपर्यंत तापतो ना?’ हाही प्रश्न रास्त आहे. तापतो, पण बरणीच्या मधोमध असलेल्या घट्ट प्युरीपर्यंत ती उष्णता पोहोचायला फार वेळ लागतो. अमेरिकेत अशा बरण्या घरी भरायची पद्धत आहे. तिथल्या कृषी खात्याच्या सूचनांनुसार भोपळ्याच्या फक्त इंचभर फोडीच, पाण्यासह, दाब दाखवणाऱ्या खास मोठ्या भांड्यात भरायच्या असतात. साधारण अर्ध्या लिटरच्या बरणीला ५५ मिनिटं आणि लिटरच्या बरणीला ९० मिनिटं लागतात. प्युरी भरूच नका, असं तेही स्पष्ट सांगतात, कारण तिचा घट्टपणा दर वेळी वेगळा असतो आणि तिच्यासाठी खात्रीची वेळ ठरवता येत नाही. आपला रोजचा कुकर लहान, दाब दाखवणारा काटा त्याला नाही, तो पटकन तापतो आणि पटकन निवतो. वरणभातासाठी तो उत्तम आहे, बरण्या टिकवण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

मग भोपळा टिकवायचा कसा?

फ्रीझर: सर्वात सोपा आणि सुरक्षित उपाय. डब्यात शिजवलेला गर घोटून घ्या, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा. दोन तासांहून जास्त वेळ ओट्यावर राहू देऊ नका. एका वेळी लागेल तेवढाच, म्हणजे वाटीभर गर एका पिशवीत भरा, हवा काढून पिशवी चपटी करा आणि वर तारीख लिहा. डबा वापरत असाल तर वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना गर फुगतो. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये हा गर सहा-आठ महिने चांगला राहतो. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो, तिथे महिना-दीड महिन्यात संपवा. वीज बराच वेळ गेली आणि पिशवी पूर्ण वितळून कोमट झाली, तर तो गर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

वाळवण: भोपळ्याच्या अगदी पातळ चकत्या करा. कुकरची शिट्टी काढून, इडलीसारख्या दोन-तीन मिनिटं वाफवा. पुसून स्वच्छ कापडावर कडक उन्हात वाळवा, वरून पातळ कापड किंवा जाळी घाला. रात्री आत घ्या. चकती वाकवल्यावर कडकन मोडली की झालं. हवाबंद डब्यात भरा आणि पहिला आठवडा रोज हलवून बघा. डब्याला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा उन्हात. काश्मिरात दुधीच्या चकत्या अशाच वाळवून हिवाळ्यासाठी साठवतात. पाऊस किंवा धुकं असेल तर हा प्रयोग पुढे ढकला. वाळलेल्या चकत्या तासभर कोमट पाण्यात भिजवा आणि आमटीत घाला.

गोड पदार्थ: भोपळ्याचा हलवा फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो. साखर आणि लिंबाचा रस घालून घट्ट आटवलेला जॅमसारखा गरही छान लागतो, पण तोही फ्रीजमध्येच ठेवा. साखर आहे म्हणून बाहेर चालेल, असं समजू नका.

कापलेली फोड: बिया आणि मऊ तंतू काढून, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. बिया ठेवल्या तर फोड लवकर बुळबुळीत होते.

काहीच वाया नको

बिया धुऊन दोन दिवस वाळवा, मंद आचेवर मीठ घालून भाजा. मुलांच्या डब्यात द्या किंवा चटणीत कुटा. कोवळी साल तेलात परतून तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची घालून कुटली की झकास चटणी होते. वेलीवरच्या नरफुलांची भजी बंगालमध्ये आवडीने खातात, आपल्याकडेही होतात. फक्त ज्या फुलामागे इवलासा भोपळा दिसतो ते मादीफूल, त्याला हात लावू नका. आणि सगळी नरफुलंही तोडू नका, नाहीतर परागीभवनाला काही उरणार नाही.

गर फ्रीझरमध्ये असला की तो कुठेही खपतो. सांबारात, थालीपिठाच्या पिठात, पराठ्याच्या कणकेत, टोमॅटो सारात. सहा महिन्यांवरच्या बाळालाही मीठ-साखर न घालता ताजा शिजवून घोटलेला भोपळा देता येतो.

एवढं करूनही एखादा भोपळा उरलाच, तर? त्याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. गावाकडे मोठा भोपळा कापला की फोडी शेजारच्या चार घरांत जात, कारण एवढं मोठं फळ एका घरात संपत नसे. तुमच्या सोसायटीतही ते करून बघा. पंजाबी काकू तिची खट्टा-मीठा कद्दू करून वाटीभर परत पाठवेल, बंगाली शेजारीण काळे चणे घातलेली छोक्का देईल. भोपळा तुमच्या वेलीचाच असेल, पण तुमच्या ताटात तो दोन नव्या चवींनी परत येईल.